रोज दोन बोटं

ज्याच्या पायातून या घटकेला पांढरा दोरा बाहेर येतो आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मी वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. मी फुटबॉल खेळणारा माणूस, आणि तोही आता न खेळणारा. मराठी सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्या जोरावर लेखणी धरली आहे. यात औषधांची नावं सापडणार नाहीत. दोन उन्हाळ्यांत माझ्या डोक्यात जो गोंधळ उडाला होता तो जमेल तसा मांडतो. तो अजूनही पुरता निवळला आहे, असं मला छातीठोक सांगता येणार नाही.

पायाची कमाई

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सडकेवर. कालव्याचं पाणी शेजारच्या गावापर्यंत आलं आणि तिथूनच वळलं, त्यामुळे त्यांच्याकडे ऊस आणि आमच्याकडे बाजरी. बारामतीच्या शाळेत असताना ड्रिल मास्तरांनी पुण्याहून चामड्याचा चेंडू आणला. पहिल्याच दिवशी मी तो डाव्या पायानं असा मारला की शाळेच्या कौलांवर गेला. मास्तरांनी आधी एक थोबाडीत दिली आणि मग संघात घेतलं.

तिथून पुढे चेंडू नेईल तिकडे मी गेलो. मामाकडे पुण्याला राहून कॅम्पातल्या एका संघातून खेळलो. तिथं एका गिरणीच्या माणसानं पाहिलं आणि मुंबईला नेलं. गिरणीच्या कागदोपत्री मी साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, होतो. साचा डावीकडून चालू होतो की उजवीकडून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन वर्षांनी गोदीच्या संघानं उचललं, एका वर्षानं गिरणीनं परत ओढलं. सेंटर फॉरवर्डचं असंच असतं. गोल होताहेत तोवर सगळे आपले, आणि दोन सामने कोरडे गेले की वाट्याला कोरडी भाकरी. आम्ही अनवाणी खेळायचो. पट्ट्या गुंडाळायच्या आणि चिखलात उतरायचं. माझा सगळा बाजार डाव्या पायावर होता.

लग्नाला चार वर्षं झाली होती. पण मुंबईच्या खोलीत आम्ही आठ गडी राहायचो, तिथं बायकोला कुठं ठेवणार? ती, पारू, गावी माझ्या थोरल्या भावाकडे. वर्षातून पंधरा दिवस आमचा संसार. अशात रेल्वेच्या संघाकडून कागद आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात खेळून दाखवायचं, पसंत पडलो तर नोकरी, आणि वर्षभर टिकलो तर राहायला स्वतंत्र खोली. तो कागद मी इतक्या वेळा उघडला की घडीवर फाटला. गोल बरेच मारले होते, पण दाराला आतून कडी घालता येईल अशी खोली मला कधी मिळाली नव्हती.

कुणी काय सांगितलं

आणि नेमका त्याच वैशाखात पाय बिघडला.

आधी अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या. दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. मग डाव्या घोट्याच्या वर आग व्हायला लागली. सूज नाही म्हणावी तर होती, आणि होती म्हणावी तर नेमकी कुठं ते बोट ठेवून सांगता येईना. मालिश करणारा म्हणाला, नस चढली आहे. त्यानं ती उतरवली, तेव्हा मी खोलीच्या छतापर्यंत ओरडलो. मुंबईच्या डॉक्टरनं विचारलं, "लाथ बसली होती का?" बसली होती. महिन्याभरापूर्वी गोऱ्या पलटणीच्या एका बॅकनं बुटासकट हाणली होती. "मग मुका मार," असं म्हणून त्यानं आयोडीन फासलं. मला ते पटलं. लाथ मला आठवत होती, दुसरं काहीच आठवत नव्हतं.

आमचा कॅप्टन वसईचा ख्रिस्ती, खेळात देवमाणूस. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "गणपत, नाटक बरं करतोस. रेल्वेवाल्यांसाठी पाय जपून ठेवलास आणि आमच्यासाठी दुखावून घेतलास काय?" मला रडू आलं. खरं सांगतो, तीनचार दिवस ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं की मी नाटक करतोय की काय. रात्रभर ठणकणारा पाय सकाळी दाखवायला जावा तर नुसता लाल दिसायचा.

शेवटी गावचा रस्ता धरला. दौंडला छोट्या गाडीत बसलो, आणि बारामतीला उतरताना पाय टेकवेना. एका टांगेवाल्यानं मला काही न विचारता थेट सरकारी दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. त्याला बहुतेक टांग्यातूनच कळलं असावं.

निदानाचा दिवस

घोट्याच्या वर बोराएवढा फोड आला होता. डॉक्टरांनी काही विचारलं नाही. कंपौंडरला म्हणाले, "पाणी ओता." कंपौंडरनं तांब्याभर गार पाणी पायावर धरलं. फोड फुटला, दुधासारखं काहीतरी वाहिलं आणि भोकातून शेवयीएवढं पांढरं टोक डोकावलं. ते हललं.

"नारू," डॉक्टर म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, मी मुंबईला असतो. नळाचं पाणी पितो."

"गेल्या उन्हाळ्यात कुठं होतात?"

त्याबरोबर मला सगळं आठवलं. गेल्या चैत्रात यात्रेला गावी आलो होतो. आम्ही चांदीचा प्याला जिंकलेला. तरण्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला आणि मिरवत नेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर उतरवलं. आमची विहीर पायऱ्यांची. शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची, तोंड धुवायचं, ओंजळीनं प्यायचं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं, हिरवट. मी पोटभर प्यायलो. मुंबईच्या नळाला ती चव नाही, असं मी चारचौघांत म्हणालोही होतो.

"तेच ते," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर तुमच्या अंगात वाढला, आता बाहेर पडतोय. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. ओढायचा नाही. तुटला तर पाय सडेल, गुडघा आखडेल. आणि हा पाय विहिरीत घालायचा नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

मागं चाळीसेक माणसं खोळंबली होती, त्यामुळे काय कळलं ते त्यांनी विचारलं नाही. मला असं कळलं होतं की विहिरीच्या पाण्यानं जखम चिघळते. म्हणजे माझा पाय, माझी जोखीम. त्यापलीकडे त्या वाक्यात काही असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दवाखान्यातले नऊ दिवस

नारू ही लाजेची गोष्ट आहे, हे मला तिथं पडल्यावर उमगलं. मोडलेलं हाड मुंबईत मिरवता येतं. पायातून किडा निघतोय, हे कॅप्टनला काय तोंडानं लिहू? मी लिहिलं, "मुका मार आहे, डॉक्टरांचं बरोबर होतं."

सकाळी कंपौंडर यायचा. पट्टी सोडायची, कडुलिंबाच्या कोमट पाण्यानं धुवायचं, मग काडापेटीतल्या काडीला गुंडाळलेला दोरा हलक्या हातानं फिरवायचा. दोन बोटं बाहेर आला की थांबायचं, कधी एकच बोट, कधी अडून बसला तर काहीच नाही. मग काडी पायाला चिकटवून पुन्हा पट्टी. दुपारभर माशा आणि बाटलीतलं लाल औषध. त्या कंपौंडरचे हात मी कधी विसरणार नाही. काडी फिरवताना तो जीभ दाताखाली धरायचा आणि मला मुंबईच्या सामन्यांचं विचारत राहायचा, म्हणजे माझं लक्ष पायावर राहू नये. गोल कसा मारला ते सांगता सांगता दोन बोटं होऊन जायची.

शेजारच्या खाटेवर डाळजचे एक आबा होते. त्यांचा हा सातवा नारू. ते त्यांच्या नारवांबद्दल लेकरांबद्दल बोलावं तसं बोलायचे, कुठला गुणी निघाला आणि कुठला द्वाड. मी बोटं मोजतो हे त्यांच्या ध्यानात आलं.

"कसला हिशेब चाललाय, पैलवान?"

मी सांगितलं. दोन हात तरी असेल, रोज दोन बोटं म्हटलं तर जून उजाडतो. आणि मला जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पळून दाखवायचं आहे.

आबा हसले. "हितं पडून व्हायचं न्हाय ते. घरी जा. दुपारच्याला हिरीत पाय सोडून बस. गार पानी लागलं की त्यो आपसूक ढिला पडतोय. आमच्याकडं समदी तसंच करत्यात."

"डॉक्टर नको म्हणाले."

"डाक्टरचा पाय हाय का तुजा?"

नवव्या दिवशी दादा बैलगाडी घेऊन आला आणि मी त्याच्याबरोबर निघालो. डॉक्टर दौऱ्यावर होते. कंपौंडरनं चार काड्या आणि पट्ट्यांची गुंडाळी बरोबर दिली.

पाण्यातलं सुख

घरात माझ्यावरून धुसफूस होतीच. पेरणीच्या आधीची नांगरट राहिलेली, आणि मी बाजेवर पाय वर करून. दादा एक दिवस बोललाच. "गणपा, बरा झालास तर हितंच ऱ्हा. चेंडूमागं पळून कुनाचं प्वाट भरलंय?" पारूनं दारामागून ऐकलं. ती दादासमोर कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी भाकरी थापताना परात जरा जास्तच वाजली.

मग मला म्हणाली, "कंदी हजर व्हायचंय तुमाला?"

"सोळा दिवस ऱ्हायलं."

"मग उठा."

ऐन दुपारी, पाणी भरायला कुणी नसताना, ती मला खांद्याचा आधार देऊन विहिरीवर न्यायची. एकेक पायरी उतरवायची. शेवटच्या पायरीवर बसून मी पट्टी सोडायचो आणि पाय पाण्यात सोडायचो.

त्या सुखाचं वर्णन करायचं म्हटलं तर आजही अंगावर काटा येतो. पंधरा दिवस निखाऱ्यात धरल्यासारखा पाय, आणि एका क्षणात सगळं शांत. मी डोळे मिटायचो. पारू वरच्या पायरीवर बसून सडकेकडे लक्ष ठेवायची. आम्ही खोलीच्या गोष्टी करायचो. खिडकी असेल का, नळ दाराशी असेल की चाळीच्या टोकाला, तिच्या तुळशीला ऊन मिळेल का. चार वर्षांत आम्ही दोघंच एवढा वेळ बोललो नव्हतो. उठताना ती घागर भरून घ्यायची. रिकाम्या हातानं कशाला जायचं?

आबांचं खरं निघालं. नारू ढिला पडला. रोज पाचपाच बोटं यायला लागला, आणि अकराव्या दिवशी शेपटीचं टोक हलकेच निसटून बाहेर आलं. अख्खा, कुठंही न तुटता. पारूनं काडी काडापेटीत घातली आणि माझ्या पेटीत ठेवली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

मी वेळेवर मुंबईला पोचलो. जखमेवर पट्टी होतीच, ती खेळाच्या पट्टीत लपली. पहिल्या अर्ध्या तासात मी दोन गोल मारले, दोन्ही डाव्या पायानं. नोकरी लागली. त्या पावसाळ्यात मी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो.

दुसरा वैशाख

वर्ष भरलं. खोली मंजूर झाली. किल्ली हंगामाला हजर झाल्यावर मिळणार होती. खिडकी होती, नळ दाराशी नव्हता. मी पारूला न्यायला गावी आलो.

ओसरीवर ती पाय पसरून बसली होती. उजव्या पायाच्या घोट्याखाली फोड. पलीकडे दादा, त्याच्या पोटरीतून काडी लोंबत होती. आळीत निम्म्या घरांतून कण्हणं ऐकू येत होतं. दरवर्षी गावात एकदोघांना नारू व्हायचा, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे त्या साली यात्रेतली आंबील आंबट झाली होती. मला काय समजावं तेच कळेना. मी बरा झालो होतो. मी तर अख्खा नारू काढून गेलो होतो.

दोन दिवसांनी बारामतीचे डॉक्टर आले. तेच. विहीर पाहिली, पाणी बाटलीत भरून घेतलं, आणि चावडीपुढं माणसं जमवून म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात नारूचा पाय घेऊन या विहिरीत कोण बसलं होतं? नारू पाणी लागलं की पिल्लं सोडतो. दिसत नाहीत इतकी बारीक, हजारांनी. तेच पाणी तुम्ही प्यायलात."

पारूशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं, आणि ती घरी होती. डॉक्टरांची नजर माझ्यावर आली, माझ्या डाव्या पायावर गेली आणि पुन्हा वर आली. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी मान खाली घातली. गोल चुकल्यावर पंचवीस हजार माणसं ओरडली तरी मी मान खाली घातली नव्हती.

दोन रात्री आणि दोन दिवस मी स्वतःशीच भांडलो. मला माहीत नव्हतं. पण सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. मग मी विचारलं का नाही? विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं, मला जूनच्या आत पळायचं होतं. इथपर्यंत आलो की डोकं चालेनासं व्हायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

पुढचं आधीच सांगतो

शेवटी मी दादाला सांगितलं. त्यानं पोटरीवरची काडी पट्टीत सरकवली आणि म्हणाला, "चावडीवर मी येतो संगट." गावानं शिव्या दिल्या. त्या कमीच होत्या. त्या पावसाळ्याआधी विहिरीच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या आणि वर चाक बसवलं. दगड वाहायला मी होतो. रेल्वेचं पत्र आलं, मग तार आली, मग काही आलं नाही. माझ्या जागी एक पोरगेला सेंटर फॉरवर्ड आला, उजव्या पायाचा, चांगला खेळायचा असं ऐकतो. घरातले सगळे काडीवर, पाणी शेंदायला आणि पट्ट्या बदलायला मीच एक धड पायाचा. कुठं जाणार होतो?

ज्याच्यासाठी हे लिहितोय त्याला एवढंच सांगणं आहे. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. नारू ओढू नका. आग सोसवेना तर घमेल्यात पाणी घेऊन पाय बुडवा आणि ते पाणी लांब रानात, कोरड्या मातीत ओता. पायऱ्यांच्या विहिरीत मात्र उतरू नका. गार वाटेल, फार गार वाटेल, तरी उतरू नका. आणि डॉक्टरनं काही नको म्हणून सांगितलं तर, चाळीस माणसं मागं खोळंबली असली तरी, का ते विचारा.

ती सकाळ

दादाला सांगण्याच्या आधीची गोष्ट राहिली. सगळ्यात आधी मी पारूला सांगितलं. खरं तर तिनं मला सांगायला लावलं.

चावडीच्या तिसऱ्या दिवशीची सकाळ. तिचा फोड फुटला होता. मी काडी घेऊन बसलो होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. मग म्हणाली, "अवं, मलाबी न्हेता का हिरीवर? घटकाभरच."

"नको."

"दुपारच्याला. कुनी नसतं."

"नको म्हटलं ना."

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमाला मी रोज न्हेत हुते. पायरी पायरी. आन मला तुमी एक डाव न्हेत न्हाय?"

मग मी सांगितलं. डॉक्टर चावडीवर काय म्हणाले ते, जे दोन दिवस मी तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. डाळजच्या आबांचं. आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात मला काय बजावलं होतं, तेही.

तिनं पाय मागं घेतला.

"म्हंजी त्येनं आधीच सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आन तुमाला वाटलं, बिघडला तर तुमचाच पाय बिघडंल."

"व्हय."

"दुपारची घागर तर मीच भरून आनीत हुते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "समद्यास्नी मीच पाजलं."

मी नुसता काडी हातात धरून बसलो. ओसरीच्या खांबापाशी तिची ट्रंक होती, वर चादर बांधलेली, मुंबईला न्यायची. तुळशीचं रोप तिनं डब्यात काढून ठेवलं होतं. माझ्या खिशात हजर होण्याचा कागद होता, आणि दिवस मोजले तर उरले होते अकरा.

मग तिनं तो पाय हळूच पुढं सरकवला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी दोरा काडीला लावला आणि फिरवायला घेतलं. एक बोट झालं. दुसरं झालं. नारू मऊ येत होता, आणखी आला असता. माझा हात पुढं जायला बघत होता, घाईची ती सवय इतक्या वर्षांची. पारूनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "आता कुनाला कुठं जायचंय?"